फोनवरची आई

नवरा मेला असता तर लोकांनी हळहळ व्यक्त केली असती. तो नुसताच निघून गेला, म्हणून लोकांनी सल्ले दिले. हळहळ महिन्या-दोन महिन्यांत आटपते, सल्ल्यांना अंत नसतो. त्यांतला एक मात्र आईला मनापासून पटला आणि तिने तो लगेच अमलात आणला. पोरीला लवकर स्वतःच्या पायावर उभी कर, असा तो सल्ला होता. पोरगी तेव्हा सात वर्षांची होती. पाय तसे काडीसारखेच होते, पण सल्ला देणाऱ्याने ते पाहिले नव्हते.

आई औषधांच्या कारखान्यात होती. गोळ्यांच्या स्ट्रिप पट्ट्यावरून सरकत यायच्या, आणि एखादीत एखादा कप्पा रिकामा दिसला की ती उचलून बाजूच्या टोपलीत टाकायची, एवढंच काम. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, हातांत मोजे. बोलायचं नाही, मान वळवायची नाही. फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि निघताना घ्यायचा. आईची पाळी दुपारची. पोरगी शाळेतून यायची तेव्हा आई पट्ट्यावर बसलेली असायची, आणि आई घरी यायची तेव्हा पोरगी जेवून, भांडी घासून, उद्याचं दप्तर भरून झोपलेली असायची.

आधी ती कुलूप शिकली, मग गॅस. मग दूधवाल्याशी भांडणं शिकली, आणि ते तर ती आईपेक्षा चांगलं करायची. दहा वर्षांची होईपर्यंत घरातलं असं काही उरलं नाही जे तिला येत नव्हतं. आई कारखान्यात तिला ‘मॅनेजर’ म्हणायची. "आमच्या मॅनेजरला विचारून सांगते हं," असं म्हटलं की जेवणाच्या टेबलावर हशा ठरलेला. दुसऱ्या बायकांची पोरं चौदाव्या वर्षी बुटाची नाडी बांधून मागायची, त्यामुळे या बाबतीत आई सगळ्यांच्या पुढे होती आणि ते पुढे असणं तिला मिरवायला आवडायचं.

मॅनेजरचा एक किस्सा तर तिने कारखान्यात इतक्या वेळा सांगितला होता की बाजूच्या खुर्चीवरची चष्मेवाली तो तिच्याआधी पुरा करायची. एकदा आई किल्ली विसरली. दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण?"

"अगं मी. आई."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? आवाज ओळखू येत नाही का माझा?"

"आवाज कुणालाही काढता येतो. तूच सांगितलंयस. माझ्या ब्रशचा रंग सांग."

आईला ब्रशचा रंग सांगता आला नाही. शेवटी पोरीलाच दया आली आणि तिने सोपा प्रश्न विचारला, तेव्हा दार उघडलं. बायका हसून हसून लाल व्हायच्या. ब्रश निळा होता की हिरवा, ते मात्र त्यांच्यातल्या एकीनेही कधी विचारलं नाही, आणि आईने नंतर जाऊन पाहिलं असंही नाही.

आवाज कुणालाही काढता येतो, हे पोरीला नीट माहीत होतं, कारण तिला तो येत होता. तिचा गळा जात्याच जाड. त्यात आईची बोलण्याआधी खाकरायची सवय, ती कारखान्यातल्या बारीक पावडरीमुळे लागलेली. दार वाजलं की पोरगी आतूनच आधी खाकरायची, मग म्हणायची, "हं, बोला." गॅसवाल्याने तिला ‘मॅडम’ म्हटलं, तो पहिला. आई त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. एका रविवारी चष्मेवाली घरी आली होती, तिच्यासमोर पोरीला तो आवाज काढून दाखवायला लावलं. आणि मग एकदा शाळेतून फोन आला, पालक फोन उचलत नाहीत म्हणून शिक्षिकांनी कुरबूर केली, तेव्हा आईने घरी एक जुना फोन आणून ठेवला. शाळेत तोच नंबर आपला म्हणून दिला आणि पोरीला सांगून टाकलं, "आता फोन आला की तूच बोलत जा. माझ्यासारखं."

पोरीने ऐकलं. ती सांगितलेलं सगळंच ऐकायची, हीच तर तिची ख्याती होती.

असं वर्षामागून वर्ष गेलं. आईच्या मनात एक हिशेब होता, आणि तो काही चुकीचा म्हणता येणार नाही. आत्ता कष्ट, मग सुख. सकाळची पाळी मिळाली की दुपारी तीनला घरी. मग पोरीला गरम जेवायला वाढायचं, तिचे केस विंचरायचे, शाळेत काय झालं ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. आईपण तिने असं पुढच्यासाठी राखून ठेवलं होतं. सकाळच्या पाळीसाठी ती दरवर्षी अर्ज करायची, दरवर्षी ती दुसऱ्या कुणाला तरी मिळायची. आणि पोरगी तेरा वर्षांची असताना एके दिवशी सुपरवायझरने तिला बोलावून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून तुम्ही सकाळी या.

ही बातमी पोटात घेऊन ती त्या दिवशी लवकर सुटून जवळजवळ पळत घरी आली. पलंगावर बॅग भरून ठेवलेली होती. पोरगी अंडी उकडत होती.

"कुठे सहल आहे का गं?"

"नाही. सोमवारपासून मी वसतिगृहात राहणार. शाळा पण तिथलीच."

"कोण म्हणालं?"

"तू."

"मी?"

"फोनवर," पोरगी म्हणाली आणि गॅस बारीक केला.

आई पलंगाच्या कडेला बसली. पोरीने तिला सगळं नीट, क्रमाने सांगितलं, सिलिंडर कधी बदलला ते सांगावं तसं. शाळेतल्या बाईंनी या वसतिगृहाच्या शाळेचं सुचवलं होतं. थंडीत तिची परीक्षा झाली. "तुला सांगितलं होतं. तू ‘बरं’ म्हणालीस." आई तशी म्हणाली असणार. कामावरून आल्यावर ती सगळ्यालाच ‘बरं’ म्हणायची. मग त्यांच्या ऑफिसचे फोन आले, आईशी बोलायचंय म्हणून. मग पालकांची मुलाखत झाली, तीही फोनवरच, कारण आईंना कामावरून सुटी मिळत नाही असं आईंनीच त्यांना कळवलं होतं. फी माफ झाली. जुन्या शाळेतून दाखला काढून झाला. सह्या आईने रविवारी केल्या होत्या, कुठे करायच्या ते पोरगी बोटाने दाखवत होती तेव्हा.

"मला एकदा विचारावंसं नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण तुझं उत्तर पण मलाच द्यायचं होतं. मग विचारून काय करू?"

"मी नाही म्हणते," आई म्हणाली. "ऐकतेयस का? मी उद्या फोन करून रद्द करते सगळं."

"कर." पोरीने अंडी थंड पाण्यात काढली. "नंबर फ्रिजवर लावलाय. जेवणाच्या सुट्टीत नको करूस, तेव्हा त्यांचं ऑफिस बंद असतं. चहाच्या सुट्टीत कर."

सकाळच्या पाळीची बातमी आईच्या पोटातच राहिली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत तिने लॉकरमधून फोन काढला आणि गेटपाशी उभं राहून लावला. वसतिगृहाच्या ऑफिसातल्या क्लार्कने उचलला. तिने पोरीचं नाव सांगितलं.

"आपण कोण?"

"तिची आई."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज थांबला. "बाई, तिच्या आईंशी मी स्वतः कितीदा तरी बोललोय. त्यांचा आवाज मी झोपेत पण ओळखीन."

"अहो, तो माझाच आवाज आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे… माझ्यासारखा आहे."

"हे बघा," क्लार्क म्हणाला, आणि आता त्याच्या बोलण्यात ‘बाई’सुद्धा उरलं नाही. "वडिलांकडची माणसं असे फोन करतात, आम्हाला ते नवीन नाही. घरातलं भांडण घरात मिटवा. त्या माउलीने एकटीने पोरगी वाढवलीये." आणि त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाले?" चष्मेवालीने विचारलं.

"मी माझ्यासारखी बोलत नाही म्हणे."

चष्मेवाली हसायला लागली, आणि मग आईच्या तोंडाकडे बघून मध्येच थांबली.

सोमवारी सरळ दाराला कुलूप लावून कामाला जावं, असंही आईच्या मनात येऊन गेलं. पण घरातल्या सगळ्या किल्ल्या मॅनेजरकडेही असायच्या. तेव्हा शनिवारी तिने रजा टाकली, ओळखपत्र पर्समध्ये घातलं आणि काही न सांगता बसने त्या गावाला गेली. बसमध्ये ती काय काय बोलायचं ते जुळवत होती. मी तिची आई. मला हे मंजूर नाही. माझी मुलगी माझ्याजवळ राहील. तीन वाक्यं होती आणि तिन्ही खरी होती.

वसतिगृह दुमजली होतं, लांब व्हरांड्याचं. ती फाटकातून आत शिरली आणि घंटा वाजली. खोल्याखोल्यांतून मुली धावत आल्या आणि ताटं घेऊन रांगेत बसल्या. एक स्वयंपाकीणबाई मोठ्याने ओरडत वाढत होती, "अर्ध्यावर उठायचं नाही! कोण आहे ती? बस खाली!" उठलेली मुलगी तोंड वाकडं करून खाली बसली. आई ते बघत उभी राहिली, जरा जास्तच वेळ.

रेक्टरबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. बाई मनाने चांगल्या होत्या, पण वीस-पंचवीस वर्षं मुली सांभाळून त्यांचा कुणाच्याही पहिल्या बोलण्यावर विश्वास बसत नसे.

"मी तुम्हाला खोटं ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही खऱ्या असाल तर फोनवरच्या त्या बाई कोण? म्हणजे मुलीने आम्हाला फसवलं असंच ना? मग प्रवेश तर जाईलच, पण का गेला ते मला लिहून द्यावं लागेल. ते वाचून दुसरी कुठली शाळा तिला दारात तरी उभी करेल का, सांगा. तेव्हा बोलण्याआधी विचार करा. थांबा, मी त्यांनाच विचारते."

त्यांनी टेबलावरच्या फोनवर नंबर लावला आणि दोघींना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडे बादलीत नळाचं पाणी पडत होतं. शनिवार, कपडे धुवायचा वार. मग कुणीतरी खाकरलं.

"हं, बोला."

आईने तो आवाज गमतीत ऐकला होता, कामावर लागलेला कधी ऐकला नव्हता. हुबेहूब तिचाच होता. फरक असला तर एवढाच, की त्या आवाजाला कुठे जायची घाई नव्हती.

"मॅडम, जरा विचित्रच आहे," रेक्टरबाई म्हणाल्या. "इथे एक बाई आल्यात. म्हणतात, मुलीची आई मी आहे."

नळ वाहत राहिला.

"मॅडम? ऐकताय ना?"

"कशा दिसतात त्या?"

रेक्टरबाईंनी आईकडे पाहिलं. "दमलेल्या दिसतात."

"त्यांना पाणी द्या. आणि एखादं बिस्किट असलं तर द्या. त्या काही खाऊन निघालेल्या नसणार."

"म्हणजे तुम्ही ओळखता यांना! कोण आहेत या?"

पलीकडे नळ बंद झाला. "ते त्यांनाच विचारा. त्या सांगतील तसं करा."

गेल्या कित्येक वर्षांत मॅनेजरने आईवर सोपवलेली ही पहिलीच गोष्ट. आईचा हात पर्सवर होता, आत ओळखपत्र होतं, तीन वाक्यं जिभेवर होती. ती पुढे वाकली आणि फोनला म्हणाली, "मला एक विचारायचंय."

"विचारा."

"मुलीला इकडे कशाला पाठवायचं? घरी काय कमी आहे तिला? सगळं तर तिचं तिला येतं."

"म्हणूनच," फोनवरची आई म्हणाली. "तिला दमायला होतं आता. तिथे घंटा वाजते म्हणे. उठायची, जेवायची, झोपायची पण. दिवे दुसरं कुणीतरी बंद करतं. गॅस बंद आहे का ते बघायला तिला उठावं लागणार नाही." जरा थांबून तो आवाज पुढे म्हणाला, "तिला काही दिवस नुसतं कुणीतरी सांगेल तसं वागायचंय."

रेक्टरबाईंनी डोळे पुसले. त्या पुसणाऱ्यांतल्या होत्या.

"आणि तिच्या आईला सकाळची पाळी मिळाली तर?" आईने विचारलं. "दुपारी तीनला घरी येता आलं तर?"

"असं मी तिला दरवर्षी सांगते," फोनवरची आई म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर आईला उलट बोलता आलं असतं.

तिने पर्सवरचा हात काढला. "शेजारीण आहे मी," ती रेक्टरबाईंना म्हणाली. "पोरीचा लळा आहे. जाणार म्हटल्यावर राहवलं नाही."

"अहो, पण म्हणून एकदम आई म्हणायचं?"

"सवयीने निघालं तोंडातून."

रेक्टरबाईंनी तिला चार शब्द सुनावले, लळा आणि हक्क यांतला फरक समजावून सांगितला, आणि सुटल्यासारखा श्वास टाकून पाणी आणि बिस्किटं मागवली. आईने ती खाल्ली. सांगितलेलं ऐकावं तशी खाल्ली.

घरी आली तेव्हा पोरगी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पाणी दिलं त्यांनी?"

"दिलं. बिस्किटं पण."

"बरं."

"मला सकाळची पाळी मिळालीये," आई म्हणाली. "खरंच मिळालीये या वेळी. पुढच्या महिन्यापासून."

पोरीचा हात एका घडीवर थांबला. मग तिने बाही सरळ केली, घडी पुरी केली आणि बॅगेत ठेवली. "बरं झालं. दुपारी झोपत जा मग. तुला झोप कमी पडते."

रविवारी जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "चल, झोप आता." हे वाक्य या घरात नवीन होतं आणि तिच्या तोंडून जरा पाठ केल्यासारखंच आलं.

"गॅस बघून येते."

"मी बघितलाय. झोप तू."

पोरगी आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. आईला वाटलं, एवढं तरी जमलं. थोड्या वेळाने पोरगी उठली, आईला जाग येऊ नये म्हणून पावलं दाबत स्वयंपाकघरात गेली आणि गॅसची कळ बघून आली. आई जागीच होती.

सोमवारी आई बसस्टॉपपर्यंत गेली. पुढे जाता येत नव्हतं. शेजारणीने फाटकापर्यंत कशाला जायचं? बस दिसायला लागली तेव्हा पोरीने खिशातून घरचा जुना फोन काढून तिच्या हातात दिला. "हा तू ठेव. त्यांचा आला तर तूच बोल आता. माझ्यासारखं."

पुढच्या महिन्यात सकाळची पाळी सुरू झाली. आई तीनला घरी यायची. घर लख्ख असायचं, कारण विस्कटायला कुणी नव्हतं. ती झोपायचा प्रयत्न करायची, मग उठून बसायची. न्हाणीघरातल्या ग्लासात एकच ब्रश उरला होता, तिचा स्वतःचा. पोरीचा कुठल्या रंगाचा होता, ते आता तिला आठवून पाहायलाही काही आधार नव्हता.

एका दुपारी फोन वाजला. ती खाकरली.

"हं, बोला."

"मॅडम? मी रेक्टर बोलतेय. आवाज बसलाय का तुमचा?"

"सर्दी झालीये."

"काळजी घ्या. येत्या रविवारी पालकांची भेट आहे. येताय ना? आम्ही सगळ्याच जणी तुम्हाला बघायला उत्सुक आहोत."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मला नाही जमणार," ती म्हणाली. "शेजारणीला पाठवलं तर चालेल?"

"त्या मागे आल्या होत्या त्या? नको हो. फक्त आईवडील, फार तर सख्खं कुणी. आणि खरं सांगू का, तुमची शेजारीण आहे, पण मला त्या बाईंचं डोकं ठिकाणावर वाटलं नाही."

"हो. दमलेली असते ती."

"तुम्ही मुलीची चिंता करू नका. मी विचारलं तिला, कुणी आलं नाही तर वाईट वाटेल का. नाही म्हणाली, सवय आहे. आणि काय सांगू तुम्हाला, मॅडम! घंटेच्या आधी उठलेली असते. लहान मुलींच्या वेण्या तीच घालते. रात्री दिवे बंद झाले तरी उठून स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघून येते. मी म्हटलं, अगं ते आमचं काम आहे, तू झोप. ‘हो’ म्हणते आणि परत उठते. आम्हाला तिला काही म्हणजे काही सांगावं लागत नाही." रेक्टरबाई कौतुकाने हसल्या. "फार स्वावलंबी केलीत हो तुम्ही तिला."

आई परत खाकरली. या वेळी आवाज जरा बरा लागला.

"हो," ती म्हणाली. "सगळे तसंच म्हणतात."